छत्रीवालीची दुसरी बाजू

खोलीत खुर्च्या अकरा होत्या, त्यांपैकी बसण्याजोग्या चार. रेकॉर्ड चारशे बारा. स्पीकर दोन, त्यांतला डावा अधूनमधून संपावर जायचा आणि डोक्यात टपली मारली की मुकाट्याने कामावर हजर व्हायचा. चष्म्याच्या रिकाम्या डब्यांची खोकी सतरा, डोळे तपासायचा जुना तक्ता एक, पंखा एक, ट्यूबलाइट एक. आणि माणसं, मला धरून, चार.

खोली मामाच्या दुकानावर होती. मामा चष्मे करतो. खाली दुकान, मागे घर आणि वर ही खोली, जिच्यात दर रविवारी सकाळी दहा वाजता जॅझ ऐकलं जायचं. मला मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी मामाकडे राहायला आले, तेव्हापासून चौथी खुर्ची माझी झाली. दुकानातल्या वजनांपासून कारखान्यातल्या मापकांपर्यंत सगळं खरं बोलतंय ना, हे बघणं हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. मामाने पहिल्याच दिवशी माझं नाव मोजणीबाई ठेवलं आणि ते चिकटलं.

उरलेल्या दोन खुर्च्यांपैकी एक डॉक्टरांची. ते दातांचे डॉक्टर, मामाचे शाळेपासूनचे मित्र; दवाखाना आमच्या भिंतीला लागूनच. दुसरी स्टेनोबाईंची. त्यांनी आयुष्यभर कोर्टात साक्षी-जबान्या लघुलिपीत टिपल्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचं बोट थांबलं नव्हतं. गाणं लागलं की ते गुडघ्यावर आपोआप चालायचं. एकदा त्यांनी एक ड्रम सोलो असाच गुडघ्यावर उतरवला आणि मग मनातल्या मनात वाचला, तर तो तारीख वाढवून मागण्याचा अर्ज निघाला, असं त्या स्वतःच सांगायच्या.

त्या खोलीत वादकांना त्यांच्या खऱ्या नावांनी कोणी हाक मारत नसे. ड्रमवाला होता तो सुतार. पियानोवाले डावखुरे. बास वाजवणारा मुनीम, कारण तो पुढे कधीच दिसत नाही पण सगळा हिशेब त्याच्याकडे असतो. आणि सॅक्सोफोन वाजवणारे, ज्यांच्याबद्दल बोलताना मामासुद्धा खुर्चीत सरळ बसायचा, ते साहेब.

"आता बघ सुतार काय करतो," मामा मला कोपर मारून म्हणायचा.

मी कान टवकारायचे. "काहीच करत नाहीये."

"तेच तर. एवढे लोक समोर बसलेत, हातात दोन काठ्या आहेत, आणि तो काही करत नाहीये. छाती लागते त्याला."

यावर डॉक्टर म्हणायचे की छाती वगैरे काही नाही, सुताराचं लक्ष नव्हतं. मग दोघं अर्धा तास भांडायचे, सुई उचलून तीच जागा तीनतीनदा लावायचे, आणि स्टेनोबाई निकाल द्यायच्या की साक्षीदार गप्प आहे याचा अर्थ त्याला माहीत नाही असा होत नाही. मला हे सगळं भयंकर आवडायला लागलं होतं. प्रयोगशाळेत आम्ही भांडतो ते तिसऱ्या दशांश स्थळावरून; इथे माणसं शांततेच्या लांबीवरून हमरीतुमरीवर येत होती.

सगळ्या रेकॉर्डांमध्ये मानाची होती छत्रीवाली. तिच्या वेष्टनावर छत्री घेतलेल्या बाईचा फोटो होता, म्हणून छत्रीवाली. ती एका कार्यक्रमात लोकांसमोर मुद्रित केलेली होती आणि ऐकून ऐकून इतकी झिजली होती की मामाने नियम केला होता: छत्रीवाली वर्षातून चारदाच लागेल. दुसऱ्या बाजूला शेवटी साहेबांचा सोलो होता. त्या सोलोच्या मध्यावर एक लांबच लांब ओळ. ती जिना चढावा तशी चढत जाते, माथ्यावरचा सूर गाठते आणि क्षणाचीही उसंत न घेता दुसऱ्या बाजूने धडाधड उतरते. ही सगळी ओळ साहेब एका श्वासात वाजवतात, अशी खोलीची श्रद्धा होती. माथ्यावर साहेब पोचले की तिघं एकदम "वाह" म्हणायचे. कोणी ठरवलेलं नव्हतं; बावीस वर्षांत आपसूक जमलेलं होतं. खाली मामी त्या "वाह"वर चहाचं आधण ठेवायची.

शिवाय साहेबांनी या गाण्यासाठी निवडलेली पट्टी. डॉक्टर सांगायचे की सॅक्सोफोनवर याहून वाकडी पट्टी नाही, बोटांची नुसती वळकटी होते. साहेबांनी ती मुद्दाम निवडली, म्हणजे मंचावर मध्येच चढून येणाऱ्या हौशी लोकांची परस्पर वासलात लागते, असं मामाचं मत होतं.

डॉक्टर हे अधिकारवाणीने सांगत, कारण ते स्वतः सॅक्सोफोन वाजवत. नऊ वर्षं ते हा एकच सोलो बसवत होते. त्यांच्याकडे छत्रीवाली नव्हती आणि कुठे मिळतही नव्हती. त्यांनी एका रविवारी मामाच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट करून घेतली होती आणि दवाखाना बंद झाला की त्या कॅसेटबरोबर वाजवत बसायचे. चढणीपर्यंत सगळं यायचं. माथ्यावर श्वास संपायचा. नाकाने हवा आत घेत गालांतली हवा बाहेर सोडायची, अशी एक विद्या असते म्हणे. ती शिकण्यासाठी ते पाण्याच्या ग्लासात नळी घालून न थांबता बुडबुडे काढायचा सराव करायचे. एकदा बाहेर बसलेल्या पेशंटने आतून आधी बुडबुडे आणि मग सॅक्सोफोन ऐकला, आणि दाढ दुखायची आपोआप थांबली असं कंपाउंडरला सांगून तो निघून गेला.

मी येऊन चार महिने झाले असतील. एका रविवारी रेकॉर्ड खोक्यात घालता घालता डॉक्टर म्हणाले की पुढच्या रविवारी छत्रीवालीची पाळी आहे, त्या दिवशी ते तिच्याबरोबर उभं राहून वाजवणार.

"शेवटपर्यंत गेलो तर ठीक," ते म्हणाले. "नाही तर शाळेचा बँडवाला केव्हाचा मागतोय, त्याला वाद्य देऊन टाकतो."

"आणि मग आम्ही रविवारी हसायचं कोणाला?" मामा म्हणाला.

"मला साठ पूर्ण होतायत रे, चष्म्या. माणसाने आपलं माप ओळखावं."

डॉक्टर गेल्यावर मामा बराच वेळ त्याच त्या रेकॉर्डवर फडकं फिरवत बसला. शाळेत असताना दोघांनी मिळून एका दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून पहिल्यांदा हे संगीत ऐकलं होतं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की मी हे वाजवणार. मामाने सांगितलं होतं की मी ऐकणार. मामाचा भाग पुरा झाला होता.

त्याच वेळी माझं लक्ष ठिपक्यांकडे गेलं. रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या थाळीच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग असते. ट्यूबलाइट आपल्याला एकसारखी वाटली तरी ती सेकंदाला ठरावीक वेळा उघडझाप करते, आणि थाळीचा वेग बरोबर असेल तर त्या उजेडात ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. हे ठिपके उभे नव्हते. एकामागोमाग एक पुढे पळत होते.

मी मामाला विचारलं की हे नेहमीच असे पळतात का.

"गाणं रंगात आलं की पळतात," मामा म्हणाला.

"आणि रंगात नसलं तर?"

"माझ्याकडे तसलं गाणं नाही."

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात असताना मी वर गेले, थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. तीन मिनिटांत शंभर व्हायला हवेत. झाले जवळजवळ एकशे सहा. तीनदा मोजले, तिन्ही वेळा तेवढेच. मग थाळी उचलून खाली बघितलं. मोटर एक छोटी पुली फिरवते, पुलीवरून रबरी पट्टा जातो आणि पट्टा थाळीला फिरवतो. पुली जितकी जाड, तितकी थाळी वेगात. ही पुली पितळेची होती आणि साफ दिसत होतं की ती कारखान्यातली नाही.

मामाने विचारल्याबरोबर कबूल केलं, उलट अभिमानाने. मूळची प्लॅस्टिकची पुली बावीस वर्षांपूर्वी तडकली, तेव्हा त्याने लेथवाल्याकडून ही करून घेतली.

"माप काय दिलं होतंस?"

"सांगितलं, साधारण अर्धा इंच."

"मोजून?"

"मोजायचं काय त्यात? मी डोळ्यांच्या धंद्यातला माणूस. बघितलं की कळतं."

तडकलेली पुली त्याने टाकली नव्हती; मामा काहीच टाकत नाही. ती चष्म्याच्या एका डबीत सापडली. मी प्रयोगशाळेतून बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर आणून दोन्ही मोजल्या. जुनी, बारा मिलिमीटर. मामाची, बारा पूर्णांक सात दशांश. म्हणजे बावीस वर्षं या खोलीतलं प्रत्येक गाणं जवळजवळ सहा टक्के जास्त वेगाने वाजत होतं. आणि रेकॉर्ड वेगाने फिरली की नुसती लय वाढत नाही, सूरही चढतो. सहा टक्के म्हणजे जवळजवळ बरोबर अर्धा स्वर. साहेबांची खरी पट्टी सॅक्सोफोनवरची सगळ्यांत सरळ, नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात ती होती. ती वाकडी पट्टी साहेबांनी निवडली नव्हती. ती मामाने निवडली होती, लेथवाल्याच्या दुकानात उभं राहून, अंदाजाने.

हे सगळं मी मामाला खालच्या काउंटरवर समजावून सांगितलं. त्याने स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नऊ वर्षं, अगं," तो म्हणाला. "तो नऊ वर्षं माझ्या पुलीबरोबर वाजवतोय."

आता काय करायचं यावर तीन दिवस खल झाला. पुली गुपचूप बदलून टाकावी, म्हणजे गाणं संथ होईल आणि डॉक्टरांना झेपेल, असं मामाला आधी वाटलं. मी सांगितलं की मग रेकॉर्ड एका पट्टीत आणि डॉक्टर दुसऱ्या पट्टीत वाजवतील, आणि खालची गिऱ्हाइकं पळून जातील. मग त्याचं म्हणणं पडलं की काही सांगूच नये. सांगितलं तर डॉक्टर म्हणतील नऊ वर्षं पाण्यात गेली, आणि वाद्य बँडवाल्याला देतील. मी म्हटलं, नाही सांगितलं तर माथ्यावर अडकतील, आणि वाद्य बँडवाल्याला देतील.

मामी इतका वेळ काउंटरमागे काचा पुसत होती. "दोन्हीकडून जायचंच असेल," ती म्हणाली, "तर खरं सांगून जाऊ दे की. तेवढं तरी नीट करा."

मामा म्हणाला, आधी वाजवू दे. कदाचित जमेल. मी आमच्या प्रयोगशाळेतल्या कारागिराकडून बारा मिलिमीटरची नवी पुली करून घेतली आणि रविवारी ती खिशात टाकून वर गेले.

डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. स्टेनोबाईंनी बोट गुडघ्यावरून उचलून मांडीवर शांत ठेवलं, जे मी पहिल्यांदाच बघत होते. मामाने छत्रीवाली लावली, डाव्या स्पीकरला आगाऊ टपली मारली आणि सुई टेकवली.

डॉक्टर चांगले वाजवतात हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांना वाजवताना मी फक्त भिंतीपलीकडून ऐकलं होतं. साहेबांच्या सुराला सूर चिकटवून ते त्या वाकड्या पट्टीतून असे चालले होते की दोन सॅक्सोफोन आहेत हे मध्येच विसरायला व्हायचं. चढण सुरू झाली. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, गाल फुगले, चेहरा लाल झाला, आणि नेमका माथ्यावर वाद्यातून एक चिरका आवाज निघाला आणि ते थांबले. रेकॉर्डवरचे साहेब पुढे निघून गेले.

डॉक्टरांनी गळ्यातला पट्टा काढला. वाद्याचे भाग सुटे करायला लागले.

"थांब," मामा म्हणाला. "यात माझा हात आहे." आणि त्याने पुलीचं सगळं सांगितलं, लेथवाल्यापासून.

डॉक्टरांनी वर बघितलंसुद्धा नाही. "माझी समजूत काढू नकोस. दाढ उपटताना मीही लोकांना 'झालंच, झालंच' म्हणतो."

मग मी थाळी काढून मामाची पुली सोडवली आणि ती, नवी पुली आणि व्हर्नियर त्यांच्यापुढे ठेवलं. डॉक्टर मापांना घाबरत नाहीत. त्यांनी स्वतः मोजून बघितलं, दोनदा.

"साहेब या पट्टीत वाजवतच नाहीत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही."

"मग माझ्याशिवाय या पट्टीत हे वाजवतं कोण?"

डॉक्टर मामाला म्हणाले, खऱ्या वेगाने लाव. मी नवी पुली बसवली, पट्टा चढवला, थाळी परत ठेवली. थाळी फिरायला लागली आणि ठिपके जागच्या जागी उभे राहिले. मामा त्यांच्याकडे असा बघत होता, जणू घरातलं कोणी माणूस बावीस वर्षांनी पहिल्यांदा स्वस्थ बसलंय.

आणि साहेब वाजवायला लागले. सगळ्यांचे चेहरे पडले. हे साहेब नव्हतेच. आवाज जाड, जरा वय झालेला, लय घाई नसलेली. सुतार खरोखरच सुतार वाटत होता, दुपारचं जेवण झालेला. चढण आली. ते माथ्यावर पोचले. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणालाही "वाह" म्हणावंसं वाटलं नाही.

त्या शांततेत, माथ्यावरच्या सुरानंतर, एक आवाज आला. छोटा, कापड फाडावं तसा. मग उतरण सुरू झाली.

स्टेनोबाईंचं बोट अधांतरी थांबलं होतं. "अहो," त्या म्हणाल्या, "हे श्वास घेतायत."

मामाने सुई उचलून तीच जागा परत लावली. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा लावली. साहेब तोंड उघडून, अगदी उघडउघड, चारचौघांसमोर श्वास घेत होते.

"आम्ही 'वाह' म्हणायचो तिथे," मामा हळूच म्हणाला. "बरोबर तिथेच."

"माझ्या कॅसेटवरही तुमचा 'वाह'च आहे," डॉक्टर म्हणाले. "नऊ वर्षं मी ग्लासात बुडबुडे काढतोय, चष्म्या." आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग मामा हसायला लागला, आणि स्टेनोबाई म्हणाल्या की इतक्या वर्षांत साक्षीदाराला बोलूच न देणारं हे एकच कोर्ट त्यांनी बघितलं.

डॉक्टरांनी सॅक्सोफोन पुन्हा जोडला. मी मामाची पुली परत बसवायला उठले, तर त्यांनी हाताने थांबवलं. रेकॉर्ड नको म्हणाले. मामाने विचारलं की मग कुठल्या पट्टीत वाजवणार.

"मला एकच पट्टी येते. तुझी, अर्ध्या इंचाची."

तेवढ्यात मामी वर आली. "वाह" आलं नाही म्हणून आधण राहिलं होतं, आणि आज चहा होणार आहे की नाही हे विचारायला ती आली होती. डॉक्टरांनी पट्टा गळ्यात घातलेला बघून ती दारातच थांबली. मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

आता साथीला कोणी नव्हतं, फक्त स्टेनोबाईंचं बोट. डॉक्टर सुरुवातीपासून निघाले. चढण आली तेव्हा मामाने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. डॉक्टर माथ्यावर पोचले, तिथला सूर पुरता धरला, आणि तोंड उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, श्वास घेतला. मग उतरले. उतरतच गेले. शेवटचा सूर संपला तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता.

"वाह" म्हणायची जागा मागे पडली होती.

"आता ठेवू का आधण?" मामी दारातून म्हणाली.

डॉक्टर चहा पिऊन निघाले तेव्हा वाद्याची पेटी त्यांच्या खांद्यावर होती. बँडवाल्याचा विषय कोणी काढला नाही. जिन्यावरून त्यांनी मला हाक मारली. "मोजणीबाई, तुम्ही ते फोनवर घेतलंत ना? मग मोजून सांगा की."

संध्याकाळी मी नव्या पुलीवर छत्रीवालीही फोनवर घेतली, मग दोन्ही रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घालून ठोके मोजले. साहेब, खऱ्या वेगाने: मिनिटाला २८४ ठोके, लांब ओळीत श्वास एक. डॉक्टर: मिनिटाला ३०२ ठोके, लांब ओळीत श्वास दोन; दुसरा उतरणीवर, खोलीत कोणाला ऐकूच न आलेला.